चौकीवर घेतलेलं नाव

परभणीत आमच्या सायकलच्या दुकानात जेवढी पंक्चर यायची, त्यातली निम्मी मी काढायची आणि हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, मागं आमची राहायची खोली आणि मधल्या दारात गोणपाटाचा पडदा. माझे मालक, म्हणजे आमचे हे, पुढं बसून चाक उघडायचे, ट्यूब ओढून काढायचे आणि पडद्यावरून आत टाकायचे. मी आत पाण्याचं घमेलं घेऊन बसलेली असायची. बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, तिथं कानस घासायची, सोल्युशन लावायचं, वाळू द्यायचं, ठिगळ दाबायचं आणि ट्यूब परत बाहेर. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, तुमचा हात लय हलका हाय. हे म्हणायचे, देवाची कृपा. आता देव पडद्यामागं भाकरी थापता थापता पंक्चर काढायलाय, हे गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?

त्याचा मला राग नव्हता. दिवसाकाठी हे एकदा तरी आत डोकावून म्हणायचे, "आज तुझ्या ठिगळानं अब्रू राखली," आणि मला तेवढं पुरायचं. राग आला तो एका दिवशी. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही आणि मीही त्याला निवू दिला नाही.

पण त्या दिवसाचं सांगायच्या आधी नावाचं सांगायला पाहिजे, नाहीतर आजकालच्या पोरींना वाटेल की ही बाई एवढ्याशा गोष्टीवरून एवढी का पेटली.

आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि पुरुषांची नावं सगळी महादेवाची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासऱ्यांचं नाव एका वाराशी जुळणारं, म्हणून आत्याबाई त्या वाराला जन्मभर 'देवाचा वार' म्हणत आल्या. ह्यांचं नाव तर रोजच्या नामावळीतलंच. सकाळी जप करताना ते नाव आलं की मी आवंढा गिळायची आणि पुढच्या नावावर जायची. देवाला रोज एक नाव कमी पडायचं, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, लग्नाकार्यात, बायकांच्या घोळक्यात. पुढंमागं काही न लावता कोरडं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं, हे मला आईनं सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं. खरं काय नि खोटं काय, कोण बघायला गेलंय? पण माझ्या मनात एक होतं. कधीतरी, दोघंच असताना, ह्यांच्या कानाशी एकदा कोरडं नाव घ्यावं आणि ह्यांचं तोंड कसं होतं ते बघावं. छाती होत नव्हती, म्हणून ते राखून ठेवलं होतं.

ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. रबर सगळं लढाईत गेलेलं, नवी ट्यूब डोळ्याला दिसत नव्हती, जो तो ठिगळावर ठिगळ लावून दिवस काढत होता. हिवतापावरच्या कोयनेलचंही तेच. दवाखान्यात यायचं म्हणे, पण साहेबलोकांच्या घरापुरतंच. ह्यांना तिजारी ताप लागला होता. दिवसाआड थंडी भरून यायची आणि मग अंग भट्टीसारखं तापायचं. त्या दिवशी पहाटेच दात वाजायला लागले. घरातल्या वाकळा घातल्या, तरी थरथर थांबेना. शेवटी मी मधल्या दारातलं गोणपाट ओढून काढलं आणि वरून टाकलं. आमच्या दुकानाचा पडदा असा निघाला.

थरथरतच हे म्हणाले, "मास्तराची सायकल आज द्यायची हाय. दुपारच्या गाडीनं यायलेत ते."

मास्तर पिंगळीचे. त्यांची बदली बोरीच्या शाळेत झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं हजर व्हायचं होतं. हजर झाले नाहीत तर ती जागा आपल्या माणसाला द्यायला वरचे टपलेलेच होते. पेट्रोल मिळेना म्हणून तिकडची मोटार कोळशावर चालायची, चालली तर. मास्तरांचा सगळा भरवसा सायकलवर आणि सायकल आमच्याकडं, मागचं चाक उघडून ठेवलेली. आधीच आजारपणात दुकान कधी उघडं कधी बंद, गिऱ्हाईक स्टेशनाकडच्या दुकानाकडं वळायला लागलं होतं. त्यात मास्तर हात हलवत परत गेले असते तर आमच्या दुकानाच्या नावानं आंघोळच करायची.

मी दुकानाच्या फळ्या काढल्या. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, बाईमाणसानं रस्त्यावर बसून चाक उघडायचं का?"

मी म्हणाले, "मग कुणी उघडायचं?"

त्या दारात बसल्या, रस्त्याकडं पाठ करून.

पहिला नाट पंपानं लावला. आतला चामड्याचा वायसर वाळून खडखडीत झालेला, दांडा दाबला की हवा चाकात जायच्या ऐवजी माझ्याच तोंडावर. तो तेलात भिजत घातला आणि वर बघते तर पेडगावचा एक शेतकरी सायकल खांद्यावर घेऊन उभा.

"मालक न्हाईत का?"

"आजारी हायेत. मी काढते पंक्चर. बसा."

"न्हाई, मालक उठले की बघू. मला घाई न्हाई."

घाई नसलेला माणूस पेडगावाहून सायकल खांद्यावर मारून आला होता. घाम कानामागून गळत होता. मी म्हणाले बघू तरी द्या, आणि टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली. बघते तर त्यावरची ठिगळं सगळी माझी. ठिगळाचे कोपरे उचलतात म्हणून मी ठिगळ गोल कापायची. आमच्या ह्यांच्यासकट गावात बाकी सगळे चौकोनी कापायचे.

मी म्हणाले, "ही ठिगळं माझ्या हातची हायेत."

तो हसला. "असतील बाई. पण मालकाच्या नजरंखालून गेलेली हायेत ना."

आता ह्या माणसाला काय म्हणायचं? माझ्या ठिगळांवर बसून हा वर्षभर बाजार करत होता आणि मला तोंडावर सांगत होता की तुझ्या हाताचं काही खरं नाही. मी ट्यूब घेऊन आत गेले, ह्यांच्या खाटेशेजारी बसून पंक्चर काढलं, ट्यूब ह्यांच्या मिटलेल्या डोळ्यांपुढं धरली आणि बाहेर आणून त्याच्या हातात दिली. म्हणाले, "मालकानं बघितली."

त्यानं ठिगळावरून अंगठा फिरवला. "वा. मिस्त्रीचा हात तो मिस्त्रीचा हात."

आत्याबाईंची पाठ हसायला लागली. मी हसले नाही. मला ते अजूनही हसण्यासारखं वाटत नाही.

मग मास्तरांची सायकल घेतली. मागच्या चाकातले छर्रे झिजले होते. नवे छर्रे ह्यांनी कुठून कुठून मिळवून चिंधीत बांधून ठेवले होते, ते ग्रीसमध्ये बसवायचे आणि चाक आवळायचं, एवढंच काम. हे मी पडद्याच्या भोकातून पुष्कळ वेळा बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं. बघणं आणि करणं यात काय अंतर असतं ते त्या चाकानं मला शिकवलं. जास्त आवळलं तर चाक जागचं हलेना, सैल केलं तर म्हाताऱ्याच्या दातासारखं डुगडुगे. आवळ, सोड, आवळ, सोड, असं करता करता पाना सटकला आणि सगळे छर्रे धुळीत. गेलेले छर्रे त्या काळात पुन्हा मिळणार नव्हते. मी गुडघ्यावर बसून धूळ चाळायला लागले. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते आणि एकाला तरी वाटावं की आपण खाली वाकावं, तर नाही. सगळे सापडले, एक सापडेना. तेवढ्यात आत्याबाईंनी मागं न बघताच हात मागं केला. तळहातावर छर्रा होता, घरंगळत त्यांच्या लुगड्याखाली गेलेला. मी घेतला.

शेवटी चाक जमलं. बोटानं टिचकी मारली की आवाज न करता फिरत राहायचं. सायकल पुसली, साखळीला तेल घातलं आणि भिंतीला टेकवून ठेवली. सकाळपासून पहिल्यांदा जीव थाऱ्यावर आला.

तेवढ्यात पोलीस चौकीवरचा जमादार आला. सरकारी सायकल, पुढचं चाक बसलेलं.

"मिस्त्री किधर है?"

"ताप हाय त्यांना. मी काढते."

"औरताँ कब से पंक्चर निकालने लगे?" असं म्हणून तो फळीवर बसला. पण पेडगावकरासारखा अडून राहिला नाही, कारण त्याला खरंच घाई होती. सरकारी सायकल म्हणजे बिनपैशाची वेठच. तिला फक्त मरम्मत म्हणायचं. मी मुकाट्यानं ट्यूब काढली, भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं. म्हणाले, "आता थोडं थांबा. वाळल्याबिगर ठिगळ धरायचं न्हाई."

"इतना टाइम नक्को."

"बोट लावलं तर चिकटू नये, तवर थांबावंच लागतं."

तो उठला, माझ्या हातातलं ठिगळ घेतलं, ओल्या सोल्युशनवर स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाला, "हो गया. हवा भरो." सरकारचा अंगठा पडला की सगळं होतं, असंच त्या लोकांना वाटायचं. मी हवा भरली आणि तो गेला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा परत आला. सायकल ओढत, टोपी काखेत, तोंड लालबुंद. ठिगळ सुटलं होतं. सुटणारच होतं.

"ये देखो तुमारी कारीगरी."

"मी थांबा म्हणलं होतं."

बास, एवढंच बोलले मी. पण आजूबाजूला चार माणसं होती आणि त्यांच्यापुढं एका बाईनं जमादाराची चूक काढली होती. त्यानं आपली सायकल तिथंच आडवी टाकली, भिंतीची मास्तरांची सायकल घेतली आणि टांग मारली. मी धावत जाऊन मागचं कॅरियर धरलं, म्हणाले, ही गिऱ्हाइकाची हाय, ही न्यायची न्हाई. तो म्हणाला, "मेरी बनाको चौकी पे लाओ, फिर ये ले को जाओ." आत्याबाईंनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. मी सकाळपासून ज्या चाकाशी झुंजले होते ते चाक, माझ्या डोळ्यांदेखत, आवाज न करता फिरत निघून गेलं.

दुपारच्या गाडीनं मास्तर आले. हातात वळकटी, डोक्यावर टोपी, नव्या जागी जायचं म्हणून धुतलेला सदरा. मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते फळीवर बसले आणि म्हणाले, "वैनी, दिवस मावळायच्या आत निघालो तर पोचंन." मग वळकटी खाली ठेवून म्हणाले, "मी येऊ का संगं चौकीवर?"

"तुमी बसा," मी म्हणाले. "तुमची सरकारी नोकरी हाय. चौकीवर तोंडातोंडी झाली तर बोरी ऱ्हायली बाजूला."

जमादाराच्या ट्यूबचं पंक्चर मी पुन्हा काढलं. या वेळी सोल्युशन वाळेपर्यंत थांबले. मास्तर सावली कुठवर आली ते बघत होते, आत ह्यांचा ताप चढत होता आणि मी बोट लावून बघत बसले होते, चिकटतंय का, अजून चिकटतंय का. कामाची एक रीत असते. ती जमादारासाठी बदलत नाही आणि माझ्या घाईसाठीही बदलत नाही. ठिगळ बसलं, हवा भरली, पदर नीट घेतला. निघताना आत्याबाईंनी विचारलं, "आन् तिथं नाव इचारलं तर?"

"दुकानाचं सांगंन," मी म्हणाले. आमच्या दुकानाला नाव नव्हतं, ते दोघींनाही माहीत होतं.

भर बाजारातून मी ती सरकारी सायकल ढकलत नेली. मला सायकल दुरुस्त करता यायची, पण तिच्यावर बसता येत नव्हतं. बाईनं बसायची सोय नव्हती. एका टवाळानं विचारलं, "काय बाई, जमादार झालात का?" मी म्हणाले, "हो, आन् पहिली गस्त तुझ्याच गल्लीत."

चौकीत जमादार बसला होता, दोन-तीन शिपाई होते आणि कोपऱ्यात कारकून. कारकून आपल्यातला, मराठी बोलणारा. दर आठवड्याला आमच्याच दुकानात हवा भरून घ्यायचा. त्याला बघून मला धीर आला, इतकी मी खुळी.

मी म्हणाले, "ही घ्या तुमची. आमची द्या."

कारकून म्हणाला, "ती जप्तीत पडली वैनी. कराचा बिल्ला न्हाई तिला." झालं होतं असं, की जमादार परक्या सायकलवरून आला ते त्याच्या वरच्या अमीनसाहेबांनी बघितलं आणि ही कुणाची म्हणून विचारलं. स्वतःची कातडी वाचवायला हा म्हणाला, बिनबिल्ल्याची फिरत होती, धरली.

मी म्हणाले, "पिंगळीच्या सायकलीला परभणीचा बिल्ला कुठून असंल? आन् फिरत कुठं होती? भिंतीला होती."

"ते असू द्या. साहेब गेलेत बाहेर, मी आताच्या आता सोडतो. दुकानमालकाचं नाव तेवढं सांगा."

"मास्तराची सायकल हाय. मास्तराचं नाव लिहा."

"मग मास्तरांना घेऊन या. साहेबांपुढं उभं करू." तो डोळे बारीक करून म्हणाला. मास्तरांना साहेबांपुढं उभं करणं म्हणजे काय ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं.

मी म्हणाले, "मालकाचं नाव तुमाला ठाऊक हाय."

"मला ठाऊक असून काय उपेग? तुमी सांगायला पाहिजे."

"नाम बोलो, नाम," जमादार म्हणाला.

मी माझं नाव सांगितलं. दुकान चालवणारी मी, पंक्चर काढणारी मी, चाक बसवणारी मी, चौकीवर आलेली मी. कारकून म्हणाला, "तुमचं कोण इचारलंय?"

ते वाक्य मी आजवर विसरले नाही. एक तर ते नाव लग्नात सासरच्यांनी बदलून दिलेलं, घरात त्या नावानं कुणी हाक मारायचं नाही, सरकारदरबारी पहिल्यांदा उच्चारलं तर ते नको होतं. आणि जे पाहिजे होतं ते माझ्या तोंडातून निघणार नव्हतं. घरी माणूस तापानं फणफणलेला. आजच, ह्याच दिवशी, कोरडं नाव घ्यायचं?

मी म्हणाले, "महादेवाचं नाव हाय."

"शंकर," जमादार म्हणाला. "लिख लो, शंकर."

मी मान हलवली. ते नव्हतं.

मग त्यांना नादच लागला. शिपाई म्हणाले, शंभू? भोलानाथ? मोंढ्यात कापसाची बोली लागावी तशी नावं लागायला लागली. मी वाट बघत होते की कुणीतरी खरं नाव बोलेल, मी मान डोलावीन आणि सुटेन. कारकून तर रांगेनं म्हणत होता, नीळकंठ, चंद्रशेखर, त्र्यंबक. अख्खी नामावळी त्याला पाठ आणि तेवढं एक नाव तो वगळत होता. मीही रोज जपात तेच नाव वगळायची. पण मी धाकानं वगळायची आणि हा मजेनं. मागच्याच आठवड्यात त्यानं दुकानापुढं उभं राहून त्याच नावानं ह्यांना हाक मारली होती.

बाहेर सावल्या लांबल्या होत्या. बोरी लांब होती. मग मला सुचलं, की उखाण्यात घेतलेल्या नावाला दोष नाही. मी खाली बघितलं आणि म्हणाले,

"चाकात भरली हवा, साखळीची जोडली कडी,
……अप्पांचं नाव घेते, सायकल सोडा याच घडी."

सगळी चौकी हसायला लागली. कारकुनानं टेबलावर थाप मारली. जमादाराला शब्द कळले नव्हते, पण नाव घेतलं हे कळलं होतं. तो म्हणाला, "वा. एक और."

कारकून म्हणाला, "घ्या की वैनी आणखी एक. जमादारसाहेबांना पहिला कळला न्हाई."

उखाणा म्हणजे काय ते त्या कारकुनाला माहीत होतं. जमादार परका होता, पण ह्याच्या आईनं, बहिणीनं, बायकोनं हळदीच्या हातानं, दार अडवलेल्या बायकांपुढं लाजत नाव घेतलेलं ह्यानं बघितलेलं होतं. आणि तेच तो मला खाकी घामाच्या वासात, शिपायांच्या करमणुकीसाठी, पुन्हा करायला सांगत होता. एक म्हटला की दुसरा, दुसरा म्हटला की तिसरा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सकाळपासूनचं सगळं एका जागी आलं. तो पेडगावकर, तो ओला अंगठा, ते निघून गेलेलं चाक.

मी पदर सारखा केला, कारकुनाच्या डोळ्यात बघितलं आणि कोरडं नाव घेतलं. उखाणा नाही, अप्पा नाही, काही नाही. नाव, ह्यांच्या बापाचं नाव, आडनाव. मोठ्यानं, गल्लीतल्या पोराला हाक मारावी तसं. आणि म्हणाले, "लिही."

कुणी हसलं नाही. कारकुनानं खाली बघून लिहिलं. जमादाराचं तोंड उतरलं होतं. त्याच्या घरातही त्याची बायको त्याला 'मुन्ने के अब्बा'च म्हणत असणार. आपण काय बोलायला लावलं ते त्याला आता कळलं. तो स्वतः उठला, मास्तरांची सायकल बाहेर आणून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "ले को जाओ माँ." मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्याची कीव मला नको होती. सकाळी सोल्युशन वाळेपर्यंत थांबला असता तर मला खूप होतं.

मी सायकल ढकलत घराकडं निघाले. राग चौकीच्या उंबऱ्यापर्यंत होता, पुढं नुसती भीती. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता घरातून रडणं ऐकू येईल. रडणं ऐकू येईना तर त्याचंच भ्या वाटायला लागलं. गल्लीत वळले तर मास्तर रस्त्यात उभे होते. मी विचारलं, "आत?" ते म्हणाले, "पाणी मागत होते आत्ता." मग मी सायकल त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी वळकटी कॅरियरला बांधली, चाकाला टिचकी मारून बघितली, "छान फिरायलंय वैनी," म्हणाले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी ते बोरीला हजर झाले, हे नंतर कळलं.

आत्याबाई ह्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या. म्हणाल्या, "इचारलं का?"

"इचारलं."

"कसं घेतलंस?"

"उखाण्यात."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हणाले, "आन् मग कोरडं."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. त्या उठल्या, देवापुढची विभूती चिमटीत घेतली, ह्यांच्या कपाळाला लावली आणि मग माझ्या कपाळाला, जरा जोरातच.

दिवेलागणीला ह्यांना घाम सुटला. ताप उतरायला लागला, ओठ वाळलेले, डोळे खोल गेलेले, पण शुद्धीवर. पडल्या पडल्या त्यांनी आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. गोणपाट बाजूला सारून माझ्याकडं बघत, हसत म्हणाले, "माझं नाव घेतलंस म्हणं."

मी हो म्हणाले.

"मग मला बी ऐकू दे की एकदा."

आत्याबाई सरपण आणायला बाहेर गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी इतके दिवस राखून ठेवलेली वेळ ती हीच आणि माणूस स्वतःहून मागत होता. तोंडापर्यंत नाव आलं. पण त्याच्याबरोबर कारकुनाची टेबलावरची थाप आली, 'एक और' आलं, तो घामाचा वास आला. जे ह्यांच्यासाठी ठेवलं होतं ते आधी चौकीवरच्यांच्या ताटात पडलं होतं, आणि तिथून उचलून मी ते ह्यांच्या पुढ्यात कसं वाढणार होते?

मी म्हणाले, "आता न्हाई. ते उष्टं झालंय."

हे हसत होते. माझं तोंड बघून हसायचे थांबले आणि त्यानंतर जन्मात कधी त्यांनी ते पुन्हा मागितलं नाही.